डेस्कटॉप सजवायचाय? आधी परतीची सोय बघा

मी गोव्यात डिचोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि डीटीपीचं दुकान चालवते. एका टेबलावर लग्नपत्रिका, भजनी मंडळांची हँडबिलं, नाटकांची पोस्टरं; दुसऱ्यावर उघडून ठेवलेले लॅपटॉप. या दुसऱ्या टेबलाचं एक ठरलेलं गिऱ्हाईक आहे. कॉलेजचं पोर, मशीन नवंकोरं, चेहरा उतरलेला आणि तोंडी एकच वाक्य, "ताई, मी काहीच नाही केलं, फक्त थीम टाकली."

थीम जरूर टाकावी. दिवसभर ज्या पडद्याकडे बघत बसायचं तो मनासारखा असला तर बिघडलं कुठे? माझं म्हणणं इतकंच, की काहीही बदलण्याआधी ते पूर्ववत कसं करायचं हे ठाऊक असू दे. ठाऊक नसेल तर आधी ते शोधा, बदल नंतर करा. हे सगळं मी विंडोज १० आणि ११ धरून लिहितेय, कारण दुकानात येतात ती बहुतेक मशीन त्यावरचीच.

डेस्कटॉपचं रूप बदलायचे तीन थर आहेत. सेटिंग्जमध्ये जे मिळतं ते म्हणजे घराला रंग काढणं. वेगळा प्रोग्राम बसवून विंडोजच्या वर काही मांडणं म्हणजे भिंतीत खिळा ठोकून फडताळ लावणं. आणि विंडोजच्या स्वतःच्या फायली बदलणं म्हणजे खांबाला हात घालणं. गंमत अशी की लोकांना जे हवं असतं ते बहुधा पहिल्याच थरात असतं. पण व्हिडिओ बघतात तो तिसऱ्या थराचा.

सुरुवातीला करायची चार कामं

आजचं रूप जपून ठेवा. सेटिंग्ज, मग पर्सनलायझेशन, मग थीम्स. तिथे चालू थीमपुढे 'सेव्ह' असतं. 'जुनं' असं नाव दिलं तरी चालेल. वॉलपेपर, रंग, आवाज, माउसचा बाण एवढं त्यात राहतं. आयकॉन कुठे होते आणि टास्कबार कसा लावला होता हे राहत नाही. त्यासाठी विंडोज की आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबा. पडद्याचा फोटो पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरात जाऊन पडतो.

मग रिस्टोर पॉइंट. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिस्टोर पॉइंट' टाइप केलं की 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' दिसतं. उघडणाऱ्या खिडकीत सी ड्राइव्हपुढे 'ऑफ' लिहिलेलं असलं तर दचकू नका, बऱ्याच नव्या मशीनवर ते बंदच असतं. 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन चालू करा, थोडी जागा द्या, 'क्रिएट' दाबा आणि तारखेसह नाव द्या. यात विंडोजच्या फायली, रजिस्ट्री (म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जची नोंदवही) आणि बसवलेले प्रोग्राम मागच्या स्थितीला जातात. तुमचे फोटो, प्रोजेक्ट, हिशोब यांचा हा बॅकअप नव्हे. ते पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर वेगळे ठेवायचे. आणि रिस्टोर पॉइंट कायमचे टिकत नाहीत, दिलेली जागा भरली की जुने आपोआप उडतात. म्हणून गेल्या वर्षी केलेल्यावर विसंबू नका.

तिसरं काम कोणीच करत नाही आणि नेमकं तिथेच अडतं. नव्या लॅपटॉपांत डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे कुलूपबंद असते. काही बिघडून दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर गेलात की मशीन ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटात असते, आणि त्या अकाउंटचा पासवर्ड बारा-पंधरा महिन्यांपूर्वी दुकानदारानं किंवा दादानं ठेवलेला असतो! आज मशीन धड आहे तेव्हाच अकाउंट उघडून ती की कागदावर उतरवा. कागद लॅपटॉपच्या पिशवीत मात्र ठेवू नका.

चौथं, प्रयोगाला वेगळा युजर करा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे 'अदर युजर्स'. वॉलपेपर, रंग, टास्कबार हे प्रत्येक युजरचं वेगळं असतं, त्यामुळे घरात एकच मशीन असेल तर पोरानं त्याच्या खात्यात काय हवा तो धुमाकूळ घालावा, बाबांचं खातं जसंच्या तसं राहतं. बसवलेले प्रोग्राम मात्र बहुधा सगळ्याच युजरना लागू होतात, हे ध्यानात असू दे.

आणि पावसाळ्यात डेस्कटॉप मशीनला यूपीएस नसेल तर यातलं काहीही संध्याकाळी सुरू करू नका. आपल्याकडे जूनमध्ये लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

जे सेटिंग्जमध्येच आहे

चवथीनंतर डिचोली-साखळीच्या निम्म्या डेस्कटॉपांवर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळांची सजावट, लटकलेली असते. दिसते छानच, पण नारळ, सुपारीचे घड, चिबूड, आंबाडे, कवंडळं या गर्दीत आयकॉनखालची पांढरी अक्षरं पार हरवतात. मग मूल म्हणतं आयकॉन दिसत नाहीत, आणि कुठून तरी आयकॉन मोठे करणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतं. त्याची काही गरज नसते. माटोळीचा फोटो लॉक स्क्रीनला लावा, तिथे आयकॉनच नसतात. डेस्कटॉपला असा फोटो निवडा ज्याची डावी बाजू शांत आहे. मये तळ्याचं पाणी डावीकडे आणि झाडं उजवीकडे, असा फोटो मी स्वतः लावलाय. आयकॉन लहानमोठे करायचे तर डेस्कटॉपवर रिकाम्या जागी क्लिक करून कंट्रोल धरा आणि माउसचं चाक फिरवा. झालं.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर तो आधीच दाबून लहान झालेला असतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा केबलनं घ्या. पडदा साधारण १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असतो, त्याहून लहान फोटो ताणला की धुरकट दिसणारच. मोबाइलवर उभा काढलेला हरवळेचा धबधबा 'फिल'मध्ये लावलात तर वरचं आणि खालचं पाणी कापलं जातं. आधी आडवा कापून घ्या.

आमच्या शाळेचे एक निवृत्त मास्तर अक्षरं मोठी करणारं सॉफ्टवेअर मागायला आले होते. "मास्तर, विकत काही घेऊ नका," म्हटलं आणि सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, टेक्स्ट साइझ उघडून दिलं. १०० टक्क्यांपासून २२५ टक्क्यांपर्यंत पट्टी सरकते. माउसचा बाण मोठा आणि पिवळाही करून दिला. मास्तरांनी लगेच विचारलं, "एवढं आत होतं तर विकतात कशाला?"

विंडोज ११ मध्ये स्टार्टचं बटण मधे आलं म्हणून कितीतरी जणांनी बाहेरची टूल बसवलीत. पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेविअर्स, आणि तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. राइट क्लिकचा जुना लांब मेनू हवा असेल तर शिफ्ट धरून राइट क्लिक करा, रजिस्ट्रीत जायचं कारण नाही. डार्क मोड, रंग, नाइट लाइट ही सगळी सेटिंग्जमधलीच मंडळी, त्यांत धोका काहीच नाही, मनसोक्त खेळा.

पर्सनलायझेशन उघडल्यावर 'आधी विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा' असं आलं तर मात्र थांबा. लायसन नीट घ्या. फुकटचा अ‍ॅक्टिव्हेटर शोधू नका. तो उतरवायला सांगणारा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, यातच काय ते आलं. निव्वळ वॉलपेपरसाठी अख्खं मशीन परक्याच्या हाती द्यायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

एकदाच रजिस्ट्रीत

रजिस्ट्रीला मी कुणालाच पाठवत नाही. पण फोटोग्राफर गिऱ्हाइकांची एक तक्रार खरी असते. तांबडी सुर्लाच्या देवळाचा फोटो फाइलमध्ये स्वच्छ दिसतो आणि वॉलपेपर केला की आकाशात पट्टे येतात. कारण विंडोज जेपीईजी फोटो वॉलपेपर करताना त्याची स्वतःची प्रत बनवतं आणि ती ८५ टक्के दर्जावर दाबतं. हा आकडा १०० वर नेता येतो, आणि रजिस्ट्रीत कसं वागावं हे शिकायलाही उदाहरण बरं आहे.

विंडोज की आणि आर दाबा, इंग्रजीत 'रेजएडिट' टाइप करा. डाव्या बाजूला एचकी करंट युजर, त्यात कंट्रोल पॅनल, त्यात डेस्कटॉप. 'डेस्कटॉप' निवडलेलं असताना वरच्या फाइल मेनूतून 'एक्सपोर्ट' करा आणि खाली 'सिलेक्टेड ब्रांच' आहे ना बघून घ्या. ही फाइल म्हणजे तुमची परतीची सोय. काही चुकलं तर तिच्यावर डबल क्लिक केलं की त्या फांदीतल्या जुन्या किमती परत येतात. आता उजवीकडे रिकाम्या जागी राइट क्लिक, न्यू, डीवर्ड ३२ बिट. नाव द्यायचं जेपीईजी इम्पोर्ट क्वालिटी, तीनही शब्द इंग्रजीत, एकमेकांना जोडून, मधे जागा न सोडता. उघडून 'डेसिमल' निवडा आणि १०० लिहा. साइन आउट करून परत या, वॉलपेपर पुन्हा लावा. नको वाटलं तर तुम्ही बनवलेली ती एक नोंद पुसायची. एक्सपोर्टची फाइल नवी नोंद पुसत नाही, फक्त जुन्या किमती जागेवर आणते, हा बारकावा बरेच जण विसरतात.

कुणी तयार रजिस्ट्री फाइल पाठवली तर डबल क्लिक करण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडा. साध्या अक्षरांतली फाइल असते. तीन ओळींचं काम आहे असं सांगितलं आणि आत पानंच्या पानं निघाली तर पुसून टाका.

बाहेरचे प्रोग्राम

दुसऱ्या थरातले काही प्रोग्राम चांगले आहेत. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं पॉवरटॉइज आहे, छोट्या-छोट्या टूलांचा संच. डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान, बॅटरी दाखवायला रेनमीटर. हलता वॉलपेपर हवा तर लाइव्हली. टास्कबार पारदर्शक करायला ट्रान्सल्युसंटटीबी. यातलं जे मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये मिळतं ते तिथूनच घ्या. लाइव्हली घेतलंत तर बॅटरीवर असताना आणि पूर्ण पडद्यावर दुसरं काही चालू असताना वॉलपेपर थांबेल, ही सेटिंग लावून ठेवा. नाहीतर 'लॅपटॉप तापतोय' म्हणून माझ्याकडे येता आणि मी फॅन साफ करायचे पैसे घेते.

रेनमीटर स्वतः निर्धोक आहे, पण त्याच्या स्किन, म्हणजे घड्याळ-हवामानाचे तयार नमुने, कोणीही बनवतं. स्किन बसवताना एक खिडकी येते, तीत आत काय काय आहे याची यादी असते. लोक न वाचता 'इन्स्टॉल' दाबतात. तिथे 'प्लगइन' लिहिलेलं असलं तर तो तुमच्या मशीनवर चालणारा खराखुरा प्रोग्राम आहे, चित्र नव्हे. एका घड्याळाला अनोळखी प्लगइन कशाला हवा? प्लगइन नसलेली स्किन शोधा.

आता कोणी म्हणेल, नुसती थीम काय करणार? मार्च २०२४ मध्ये लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टिमवर चालणाऱ्या केडीई डेस्कटॉपसाठीची एक ग्लोबल थीम बसवल्यावर एका माणसाच्या डिस्कवरच्या सगळ्या फायली पुसल्या गेल्या. थीम केडीईच्याच स्टोअरमधली होती, आणि असल्या थीम आपल्याबरोबर कोड चालवू शकतात, हे कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. विंडोजच्या थीम फायलींतही सप्टेंबर २०२३ मध्ये एक भोक बुजवावं लागलं, नुसती थीम उघडल्यानं दुसऱ्याचा कोड चालेल अशा प्रकारचं. म्हणून विंडोजचे अपडेट बंद करून वर कुठल्याही साइटवरून थीम उतरवणं, हे दोन्ही एकदम करू नका. ऑगस्ट २०१६ मध्ये तर जुन्या धाटणीचा स्टार्ट मेनू देणारं क्लासिक शेल हे नावाजलेलं टूल ज्या साइटवरून मिळायचं तीच फोडून तिथे बनावट फाइल ठेवली होती. ती चालवणाऱ्यांची मशीन सुरूच होईनात. नवी आवृत्ती आली की त्याच तासाला उतरवायची घाई नको, चार दिवस जाऊ द्या, असं मी सांगते ते त्यामुळे.

स्क्रीनसेव्हर फुकट देणाऱ्या साइट अजून आहेत. डॉट एससीआर शेपटीची फाइल म्हणजे सरळसरळ प्रोग्राम असतो, फक्त नाव वेगळं. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा. मग 'गणपती डॉट जेपीजी डॉट एससीआर' असला प्रकार लगेच दिसतो. गणपतीचं चित्र हवंय तर चित्रच घ्या.

खांबाला हात

अख्ख्या खिडक्यांचं, बटणांचं रूप बदलणाऱ्या थीमवर मायक्रोसॉफ्टची सही नसते, आणि विंडोज अशा थीम घेत नाही. म्हणून पॅचर नावाची टूल विंडोजच्या थीम तपासणाऱ्या फायलीच बदलतात. पुढचा मोठा अपडेट त्या फायली पुन्हा मूळच्या करतो, तुमची थीम मधेच लटकते, आणि सकाळी काळा पडदा. जुना टास्कबार परत आणणारी एक्सप्लोररपॅचर, स्टार्टऑलबॅक ही टूल चांगल्या माणसांनी लिहिलेली आहेत, पण ती विंडोजच्या पोटात शिरतात. एप्रिल २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्त्यांनी त्यांना अडवायला सुरुवात केली होती. ज्या मशीनवर तुमचं पोट आहे, जीएसटी भरता, मुलाची ऑनलाइन परीक्षा आहे, तिथे हा थर नको. घरात जुनं मशीन पडलंय त्याच्यावर करा आणि मोठ्या अपडेटच्या आधी टूल काढून ठेवा.

जुन्या विंडोज १० ला ११ चा मुखवटा चढवणारे स्किन पॅक सध्या फार मागतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुखवट्यानं सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. उलट बघणाऱ्याला वाटतं मशीन नवं आहे.

काळा पडदा आला तर

आधी खरंच बिघडलंय का बघा. सगळे आयकॉन गेले असतील तर राइट क्लिक, व्ह्यू, 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'. सगळं एकदम काळं-पिवळं झालं असेल तर डावा आल्ट, डावी शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबले गेलेत. तेच पुन्हा दाबा. यासाठी लोक स्कूटरवर सीपीयू बांधून आणतात.

टास्कबारच नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'रन न्यू टास्क'मध्ये इंग्रजीत 'एक्सप्लोरर' टाइप करा. बऱ्याचदा तेवढ्यावर डेस्कटॉप परत येतो आणि शेवटचं बसवलेलं टूल काढून टाकता येतं. तेही जमलं नाही तर लॉक स्क्रीनवरच्या पॉवरच्या चिन्हातून शिफ्ट धरून 'रिस्टार्ट' करा. निळा पडदा येतो. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि तिथून सिस्टिम रिस्टोर, किंवा स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोड. ती ४८ आकडी की इथेच लागते.

हा निळा पडदा कसा कामी येतो ते एका छापखान्यातल्या मुलाच्या मशीनवर दिसलं. त्यानं व्हिडिओ बघून रजिस्ट्रीतून सिस्टिमचा फॉन्टच बदलला होता, आणि त्या जागी ठेवला आपल्या डीटीपीचा जुना, युनिकोडच्या आधीचा मराठी फॉन्ट. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. परिणाम असा, की स्टार्ट मेनूपासून एररच्या खिडकीपर्यंत सगळीकडे काने, मात्रा आणि अर्धी अक्षरं. 'ओके' कुठलं आणि 'कॅन्सल' कुठलं तेही कळेना. पोरगा म्हणाला, "ताई, मराठीच आहे, पण वाचताच येत नाही."

अशा वेळी शब्द वाचत बसायचं नाही, चिन्हं बघायची. पॉवरचं चिन्ह ते चिन्हच राहतं. शिफ्ट धरून सगळ्यांत खालचा पर्याय दाबला आणि मशीन निळ्या पडद्यावर गेलं. तो पडदा विंडोजच्या वेगळ्या छोट्या प्रतीतून येतो, बदललेली रजिस्ट्री त्याला ठाऊक नसते, त्यामुळे तिथली इंग्रजी स्वच्छ दिसते. तिथून सिस्टिम रिस्टोर केला. त्याच्या नशिबानं एका प्रोग्रामनं बसताना आपणहून रिस्टोर पॉइंट बनवलेला होता.

मराठी मजकूर दाखवायला विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट आत असतोच, तो बदलू नका आणि फॉन्ट्स फोल्डरातून 'मशीन हलकं करायला' काहीही पुसू नका. सेटिंग्जमधली छोटी चिन्हंसुद्धा फॉन्टातूनच येतात, ती गेली की चौकोन दिसतात. सुंदर मराठी अक्षर हवंय तर मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी हे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' करा आणि वर्डमध्ये, पत्रिकेत, पोस्टरवर हवे तेवढे वापरा.